बिल्ला जमा होईपर्यंत

आमच्या साखर कारखान्याच्या फुटबॉल संघात मी बारा वर्षं डावीकडून बचावाला खेळलो. त्या बारा वर्षांत तात्यांनी माझं नाव फक्त एकदा घेतलं. पण त्या एका वेळेपायी माझे तीन आठवडे असे गेले, की अजूनही हॉटेलात कुणी मागून नावानं हाक मारली तर माझा कप बशीवर वाजतो.

मी मुळातच काळजीखोर माणूस. एसटीत बसलो की गाडी चुकीची तर नाही ना, म्हणून दोघांना विचारतो आणि दोघांचं उत्तर एकच आलं तरी तिसऱ्याला विचारतो. त्यामुळे तात्यांसारखा माणूस माझ्या वाट्याला यायला नको होता. पण ते टाइम ऑफिसात होते, मी मिल हाउसमध्ये फिटर होतो आणि रोज सकाळी त्यांच्या खिडकीवरून गेल्याशिवाय कारखान्यात पाय टाकता येत नव्हता.

खिडकीच्या बाजूला एक मोठी फळी होती आणि फळीवर ओळीनं खिळे. प्रत्येक खिळ्याला एका कामगाराचा पितळी बिल्ला, त्यावर त्याचा नंबर. येताना आपला बिल्ला काढून तात्यांना दाखवायचा, जाताना परत अडकवायचा. नोकरी सोडली की बिल्ला पेटीत जमा करायचा आणि रजिस्टरात दोन सह्या व्हायच्या, एक देणाऱ्याची, एक घेणाऱ्याची. तात्यांच्या खिशाला दोन पेनं असत, निळं आणि लाल. भोंगा संपल्यावर एक मिनिट उशीर झाला की लाल पेन बाहेर यायचं. चेअरमनसाहेबांच्या पुतण्यालाही त्यांनी लाल खूण केली होती. तो भांडायला आला, तर तात्यांनी घड्याळ काढून त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, हे खोटं बोलत असेल तर याला समजावून सांगा.

तर हे तात्या आमच्या संघाचे सगळ्यात मोठे भक्त. स्वतः कधी खेळले नाहीत. एकदा चेंडू बाहेर जाऊन त्यांच्या पायाशी थांबला, तर त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला, रुमालानं पुसला आणि थ्रो घेणाऱ्याच्या हातात नेऊन दिला. पंच शिट्टी वाजवायची विसरले. उन्हाळा असो, पाणकळा असो, काळी छत्री घेऊन ते मैदानाच्या डाव्या कोपऱ्यात उभे राहायचे. खेळ सुरू होण्याआधी वहीत अकरा जणांची हजेरी मांडायचे.

आता बीड जिल्ह्यात फुटबॉल आला कुठून, असं कुणीही विचारील. आमच्याकडं तोवर कुस्ती, कबड्डी आणि निवडणूक एवढे तीनच खेळ. कारखाना उभारायला पहिले चीफ इंजिनिअर आले ते कोल्हापूरचे. त्यांनी येताना मशिनरीचे नकाशे आणले आणि एक फुटबॉल आणला. मी तेव्हा हंगामी होतो. बंद पडलेल्या गव्हाणीतली उसाची मोळी मी पायानं ढकलत होतो, ते त्यांनी वरून पाहिलं. डावरा हाईस काय रं, एवढंच विचारलं. पुढच्या हंगामात मी कायम झालो. खात्यातले लोक म्हणायचे की याची ऑर्डर हाताला नाही, पायाला निघाली आहे. मी हसायचो, पण ते बोलणं मनात रुतून बसलं होतं. पायावर मिळालेली नोकरी जायची झाली तर सगळ्यांत आधी जाणार, असं मला पहिल्या दिवसापासून वाटत आलं.

तात्यांचा नियम असा होता, की जो सध्या संघात आहे त्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. त्याला बिल्ल्याच्या नंबरानंच ओळखायचं. मी होतो दोनशे सतरा. मैदानाच्या कडेनं ते ओरडायचे, "दोनशे सतरा, मागं ये." एकदा परभणीकडच्या एका संघाला वाटलं, आम्हाला तुरुंगातून खेळायला आणलं आहे. त्यांनी मध्यंतरात आम्हाला चहा जरा आदरानंच दिला.

या नियमामागं एक गोष्ट होती. ऊस यार्डात भानुदास म्हणून एक पोरगेला गडी होता, आमचा पहिला सेंटर फॉरवर्ड. एका शनिवारी तात्यांनी गेटसमोरच्या हॉटेलात चार लोकांदेखत त्याचं नाव घेऊन वाहवा केली. रविवारी त्याचा गुडघा निखळला. तो परत कधी खेळला नाही, पुढं काम सोडून गावी गेला. तात्यांनी हे स्वतःवर घेतलं. तेव्हापासून बिल्ला जमा झाला की मगच नाव मोकळं व्हायचं. इतर लोक हसायचे. मला हसू यायचं नाही, कारण भानुदासच्या गुडघ्याचा आवाज मी जवळून ऐकला होता.

नाव मोकळं झालं की मात्र तात्यांना ऊत यायचा. पहिली पाळी सुटल्यावर दुपारी चारच्या सुमारास आम्ही हॉटेलात जमायचो. हॉटेल स्वामींचं. कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग आणि खेळातलं काडीचंही कळत नसताना प्रत्येक वादात मान हलवायची सवय. बसायचं आणि जुने खेळाडू, जुने कोच काढायचे. कोच तसे दोनच झाले. एक कोल्हापूरचे इंजिनिअरसाहेब. ते बदलून गेल्यावर कारखान्याच्या शाळेतले पीटीचे मास्तर आले. त्यांनी फुटबॉल पाहिलेला नव्हता, त्यामुळे ते आमच्याकडून दम कोंडून मैदानाला फेऱ्या मारून घ्यायचे. पण वाद पेटायचा तो अंबाजोगाईच्या फायनलवरून. शेवटच्या मिनिटाला पेनल्टी मिळाली आणि इंजिनिअरसाहेबांनी ती मारायला गोलकीपर सलीमला पाठवलं. सलीम बॉयलरवर फायरमन, पाय लोखंडाचा. त्यानं मारलेला चेंडू दांडीवरून गेला तो शेजारच्या भुईमुगात. चूक कोचची की सलीमची, यावर कॉलनीत दोन पक्ष पडले आणि दोघंही कारखाना सोडून गेल्यावर दहा वर्षं ते पक्ष टिकले.

या गप्पांनाही तात्यांनी शिस्त लावली होती. गेलेल्या माणसाची आधी खोट सांगायची, मग गुण. उलटं चालायचं नाही. कुणी सलीमचं कौतुक आधी करून बसला तर ते हात वर करून थांबवायचे. ते म्हणायचे, "शेवटी बोललेलं ध्यानात ऱ्हातं. मानूस गेला, आता त्याची खोट शेवटाला ठिवून काय करायचंय?" मला ही पद्धत फार आवडायची. आपल्याबद्दल ते काय बोलतील याचा विचार मी पुष्कळदा केला होता. फक्त तो दिवस लवकर येऊ नये एवढंच वाटायचं.

मग सलग दुसऱ्या वर्षी पाऊस गेला. उभा ऊस गुडघ्याएवढाच राहिला आणि जो होता तो चाऱ्याला गेला. बॉयलर पेटला आणि दीड महिन्यात थंड झाला. भोंगा बंद पडला. कॉलनीतल्या बायका भोंग्यावर कुकर लावायच्या, त्यांचं सगळं गणित कोलमडलं. आमच्या अर्ध्या मैदानावर जनावरांची छावणी आली आणि गोलच्या खांबाला बैल बांधू लागले. तात्यांनी रीतसर अर्ज करून तिथं पाटी लावून घेतली, की गोलखांबास जनावर बांधू नये. छावणीतल्या एकानं ती वाचली आणि आपली म्हैस पाटीच्या खांबाला बांधली.

हंगामी लोक आधीच घरी गेले होते. आता कमी करायच्या कायम लोकांची यादी निघणार, अशी बातमी आली. किती जण, कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एवढंच कळलं होतं, की यादी टाइम ऑफिसात टाइप होते आहे. खिडकी अर्धी बंद राहू लागली. काही विचारलं तर तात्या म्हणायचे, मस्टरवरचं बाहेर बोलायचं न्हाई. एवढं बोलून खिडकी पूर्ण बंद.

पण तात्यांचा नियम सगळ्या कारखान्याला पाठ होता. ज्याचं नाव ते घेतात तो गेलेला असतो. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की त्यांना बोलतं ठेवलं तर एखादं नाव घसरेल. झालं. ज्यांनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता, असे लोक चार वाजता हॉटेलात येऊन बसू लागले. स्टोअरचे, लॅबोरेटरीचे, शेतकी खात्याचे. सगळ्यांत चांगला सेंटर हाफ कोण, असं विचारायचे आणि जीव मुठीत धरून तात्यांच्या तोंडाकडं पाहायचे. तात्यांना याचा पत्ता नव्हता. ते खुशीत येऊन मला म्हणाले, दुष्काळानं लोकांला खेळाची लई गोडी लागली की रं.

मीही रोज जायचो. क्वार्टरमध्ये बायको, दोन मुलं, आणि मागं गावी विहीर आटलेला भाऊ, ज्याच्याकडं परत जाण्यात अर्थ नव्हता. माझी नोकरी राहिली तर आम्ही राहणार होतो, नाहीतर चौघांनी जायचं कुठं?

अशाच एका दुपारी स्टोअरच्या माणसानं विचारलं, डावीकडून सगळ्यात भारी कोण झाला? तात्यांनी कप खाली ठेवला. आणि मग त्यांनी माझं नाव घेतलं. वडिलांचं नाव, आडनाव, राहणार कुठला, सगळं मस्टरवर असतं तसं.

मी त्यांच्यापासून तीन हातांवर बसलो होतो.

"हेडिंगला डोळे मिटायचा," तात्या म्हणाले. "ती त्याची खोट. पन जागा सोडली न्हाई कदी. पळनारे लई पाहिले मी. जागेवर ऱ्हानारा ह्यो एकच."

हॉटेलात माझ्याकडं कुणी पाहिलं नाही. स्वामींनी मी न मागता माझ्यापुढं दुसरा चहा आणून ठेवला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून आत गेले. तात्या छत्री उचलून निघून गेले, नेहमीसारखे.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तुमी सरळ विचारा ना त्यांना." बायकांचं हे बरं असतं. विचारलं आणि ते हो म्हणाले तर? विचारलं नाही तोवर निदान अर्धी आशा होती. मी खिडकीवरून जाताना मान खाली घालू लागलो. ते नेहमीप्रमाणे म्हणायचे, दोनशे सतरा, हजर. मला वाटायचं, दया म्हणून म्हणताहेत.

चार दिवसांत शेजारी आला. इकडची तिकडची चौकशी करून त्यानं विचारलं, क्वार्टर सोडताना पाण्याचा ड्रम नेणार का इथंच ठेवणार. त्या वर्षी ड्रमला सोन्याचा भाव होता, त्यामुळे त्याचंही चूक म्हणता येत नाही. पण त्या दिवशी मी जेवलो नाही.

शेवटी बायकोच्या मामाच्या ओळखीनं मी केजला एका संचालकांकडं गेलो. जीपमध्ये अकरा माणसांत दबून जाताना काय बोलायचं ते पाठ करत होतो. त्यांच्या दारात टँकरसाठी आलेल्या गावकऱ्यांची ही गर्दी. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी विचारलं, तुझं नाव यादीत आहे असं कोण म्हणालं? मग मला सगळं सांगावं लागलं. भानुदासचा गुडघा, बिल्ला, नियम, हॉटेल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मागच्या माणसाला म्हणाले, हा फुटबॉलपायी आलाय. लोक हसले. मी उठलो, तेव्हा ते जरा नरमले.

"त्या टैम ऑफिसवाल्याचं काय मनावर घेतो बे," ते म्हणाले. "त्यो बिचारा सोताच…"

तेवढ्यात कुणीतरी टँकर आल्याचं सांगत आलं आणि ते उठून गेले. मी परतीच्या जीपमध्ये फक्त माझ्याच नावाचा विचार करत होतो. त्यांचं अर्धं राहिलेलं वाक्य मी तेव्हा ऐकूनही ऐकलं नाही.

यादी लागली ती एका सोमवारी. तात्यांनी स्वतः आतून खिडकीच्या काचेला डिंकानं चिकटवली, चारी कोपरे अंगठ्यानं दाबले. दीडदोनशे माणसं पुढं सरकली. मी मागून रेटला जात काचेपर्यंत पोचलो आणि ऐन वेळी माझे डोळे मिटले. हेडिंगला मिटायचे तसेच. शेजाऱ्याचा आवाज आला, तुजं न्हाई बे. आवाजात आनंद होता की ड्रम गेल्याचं वाईट वाटणं, ते मला कळलं नाही. मी तिथंच पायरीवर बसलो आणि बायकोकडं कुणाला पाठवावं हे शोधू लागलो.

पुढं कुणीतरी मोठ्यानं नावं वाचत होता. शेवटच्या ओळीपाशी तो अडखळला. नंबर एकोणीस, एवढं म्हणाला आणि पुढचं नाव त्यानं वाचलंच नाही. एकोणीस नंबर तात्यांचा होता.

गर्दी ओसरल्यावर मी खिडकीशी गेलो. ते आत बसून रजिस्टर आखत होते. यादीतल्यांचे बिल्ले जमा होणार, त्यासाठी पानं तयार करत होते. मी म्हणालो, तात्या, हे कसं? त्यांनी वर न पाहता सांगितलं, यात समजायला काय हाय. मानसंच येनार न्हाईत तर हजरी कुनाची मांडायची? तिघांचं ऑफिस एकावर आलं. त्या एका जागेवर धाकटा कारकून राहिला, कारण त्याला लेकरं आहेत. मी विचारलं, तुम्हाला कधी कळलं? ते म्हणाले, यादी टाइप कोणी केली रे? पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

म्हणजे आम्ही सगळे इतके दिवस ज्यांच्या तोंडून आपापलं नाव निघतं का ते पाहत बसलो होतो, ते स्वतःचं नाव पोटात ठेवून आम्हाला सेंटर हाफ समजावून सांगत होते. मला आधी लाज वाटली. थोड्या वेळापूर्वी मला किती हायसं वाटलं होतं, त्याची लाज. मग राग आला.

"मंग माजं नाव कावून घेतलं हॉटेलात?" मी म्हणालो. "मी केजला गेलतो, तात्या. जेवन उतरत न्हवतं मला. माजा बिल्ला तर खिळ्यालाच हाय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. पहिल्यांदाच त्यांच्या ध्यानात आलं, की त्यांच्या बोलण्याचा मी काय अर्थ लावला होता. त्यांचा चेहरा पडला.

"तुजा बिल्ला जमा हुईल तवा मी हितं नसनार," ते म्हणाले. "मंग तुज्याबद्दल बोलनार कोन? स्वामी? त्याला डावा पाय अन् उजवा पाय कळत न्हाई. म्हनलं, जाताना आपनच सांगून ठिवावं. नियम मोडला मी. चुकलं माजं."

मग त्यांनी पेन उचललं आणि म्हणाले, दोनशे सतरा, जा घरी, बायको वाट पाहत असंल.

पुढचे चार दिवस ते खिडकीत बसून बिल्ले जमा करून घेत होते. प्रत्येकाला खुर्ची देत होते, कामगाराला त्या ऑफिसात खुर्ची मिळण्याची ती पहिलीच वेळ. पाचव्या दिवशी सकाळी आष्टीच्या एसटीनं ते बहिणीच्या गावी गेले. एक ट्रंक, एक छत्री. मी पोचवायला गेलो होतो. गाडी सुटताना त्यांनी एवढंच विचारलं, की गोलच्या खांबाला परत बैल बांधले का. मी नाही म्हणालो. बांधले होते.

आठवड्यानं धाकट्या कारकुनानं मला हळूच आत बोलावलं. त्यानं रजिस्टर उघडलं. बिल्ला नंबर एकोणीस. देणाऱ्याची सही तात्यांची, घेणाऱ्याची सहीही तात्यांची, त्याच निळ्या पेनानं, शेजारी शेजारी. मग त्यानं पेटी उघडून दाखवली. सगळे बिल्ले नंबरवारीनं सुतळीत ओवलेले होते. अठराच्या पुढं वीस होता. फळीवरचा खिळाही रिकामा.

ज्या माणसानं चेअरमनसाहेबांच्या पुतण्याला एका मिनिटाची लाल खूण केली, त्यानं न दिलेला बिल्ला दिला म्हणून सही केली होती आणि तो खिशात घालून गावी नेला होता. कारकून घाबरला होता. वर कळवू का, असं विचारत होता. मी त्याला म्हणालो, तुझ्या पानावर दोन सह्या आहेत ना, मग बंद कर वही.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, त्याच्या पुढच्या वर्षी ऊस आला. भोंगा वाजला तेव्हा कॉलनीतल्या बायका रडल्या. मी आणखी तीन वर्षं खेळलो, मग संघच मोडला. माझा बिल्ला पुष्कळ वर्षांनी रीतसर जमा झाला. तात्यांची खबर काढायला आष्टीकडं जावं असं दर वर्षी वाटतं. पण तिथं जाऊन काय ऐकायला मिळेल या धास्तीनं मी गेलेलो नाही. काळजीखोर माणसाला चौकशी न करणंच सोयीचं पडतं.

स्वामींचं हॉटेल आता त्यांचा मुलगा चालवतो. चार वाजता आम्ही तिघं-चौघं म्हातारे बसतो, सलीमची पेनल्टी निघते, मास्तरांचा दम कोंडणं निघतं. कधी कुणी नवा माणूस विचारतो, की ते छत्रीवाले टाइमकीपर कोण होते. मी त्यांच्याच रीतीनं सांगतो. आधी खोट, त्यांनी एक सही खोटी केली. मग गुण सांगायला लागलो की संध्याकाळ होते. नाव काय त्यांचं, असं तो विचारतो. ते मी सांगत नाही, इथंही लिहिलेलं नाही. एकोणीस नंबरचा बिल्ला अजून जमा झालेला नाही.